अनोळखी फळाची सोयरीक

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकले आणि इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या आतल्या रस्त्याला गाडी वळवली, की उसाच्या फडांच्या मध्येच एखादे वेगळे रान दिसते. सिमेंटचे खांब रांगेने उभे, प्रत्येकाच्या माथ्यावर कडे आणि त्या कड्यावरून चहूबाजूंनी खाली लोंबणारे हिरवे, जाड, तीन धारांचे दांडे. पानाचा पत्ता नाही. द्राक्षाचा मांडव म्हणावा तर तारा नाहीत, पानमळा म्हणावा तर सावली नाही. नवखा माणूस तिथे थबकतोच. जून ते नोव्हेंबरच्या दरम्यान आला असेल तर दांड्यांच्या टोकांना गुलाबी-लाल, हिरवट खवल्यांची फळे दिसतात आणि कोडे सुटते. ते ड्रॅगन फ्रूट असते.

आज बारामतीच्या मंडईत हे फळ पेरू-डाळिंबाच्या शेजारी मांडलेले असते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मात्र ते इथल्या शेतकऱ्यालाही परके होते. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात ते व्हिएतनामात नेले आणि तिथून ते आशियाभर पसरले. इंदापूर-बारामतीच्या हलक्या, मुरमाड जमिनीत ते टिकले याला कारणे आहेत. निरा डाव्या कालव्याचा आणि उजनीचा पट्टा सोडला तर इथला बराच भाग अवर्षणाचाच आहे. डाळिंबाने पैसा दिला, पण तेल्या आणि मर या दोन रोगांनी कितीतरी बागा काढायला लावल्या. कमी पाण्यात, माळरानावर येणारे दुसरे काहीतरी शोधणे भाग होते. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. तिची स्वतःची जमीनही उथळ आणि खडकाळ. दुष्काळ, उष्णता आणि नापीक जमीन अशा ताणांत कोणते पीक तग धरते, याचा अभ्यास हेच तिचे काम असल्याने ड्रॅगन फ्रूटवर तिथे बरेच प्रयोग झाले. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये या फळाला ‘कमलम’ हे नाव दिले, तरी आपल्याकडच्या हातगाडीवर आरोळी ‘ड्रॅगन’चीच उठते.

एवढे परके वाटणारे हे झाड खरे तर इथल्या माणसाच्या ओळखीच्या घरातले होते. बांधाबांधावर वाढणारा फड्या निवडुंग आणि ड्रॅगन फ्रूट एकाच कुळातले. निवडुंगाची लालभडक बोंडे मातीत घोळवून, त्यांवरची बारीक कुसे झाडून ज्यांनी लहानपणी खाल्ली, त्यांनी लाल गराचे ड्रॅगन फ्रूट कापून पाहावे. तोच जांभळट लाल रस, गरात विखुरलेल्या तशाच असंख्य बारीक बिया. फरक एवढाच की निवडुंगाच्या बिया टणक असतात आणि ड्रॅगनच्या दाताखाली सहज जातात.

अनोळखी फळ ओळखण्याची ही सगळ्यांत भरवशाची वाट आहे. गावात नवा पाहुणा आला की जाणती माणसे आधी गाव विचारतात, मग कूळ विचारतात, नाव सर्वांत शेवटी. फळाच्या बाबतीत बहुतेक जण उलटे करतात. विक्रेत्याला नाव विचारतात, त्याने सांगितलेले खरे धरतात आणि पुढे मोबाइलवर त्याच नावाचे गुणधर्म वाचत बसतात. नाव चुकीचे असेल तर पुढचे सगळेच चुकते.

आणि बाजारातली नावे किती फसवी असतात, याचे नमुने याच दोन तालुक्यांत सापडतात. ‘ॲपल बोर’ घ्या. हिरवेगार, गुळगुळीत, छोट्या सफरचंदाएवढे फळ. थायलंडकडून आलेले हे वाण गेल्या दशकात पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र पोचले. सफरचंद आणि बोर यांचा संकर असल्याची समजूत त्याच्या नावामुळे पसरली, ती अजून पुसलेली नाही. झाडापाशी जाऊन एक पान उलटे करून पाहिले तर शंका उरत नाही. पानाच्या मागची बाजू पांढुरकी, लवदार, देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, फांदीवर काटा. फळात मध्ये एकच टणक आठळी. हे शंभर टक्के बोर आहे, सफरचंदाशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरा नमुना पेरूचा. ‘लखनौ-४९’ हे पेरूचे वाण उत्तर भारतातले असावे असे वाटते, पण त्याची निवड डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात केली. नावातला गाव आणि फळाचा गाव एक असेलच असे नाही.

सगळ्यात मोठा घोळ आहे तो सीताफळाच्या घराण्यात, आणि तिथे जरा थांबायला हवे. बारामतीकरांना शेजारच्या पुरंदरचे सीताफळ पाठ आहे. पुरंदर तालुक्यात जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे, ‘फुले पुरंदर’ हे वाण त्याच विद्यापीठाचे. बार्शी तालुक्यातील गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी निवडलेले ‘एनएमके-१ गोल्डन’ही आता सगळीकडे दिसते, पिकताना त्याच्या सालीवर पिवळसर झाक येते. ही सगळी सीताफळेच. डोळे स्पष्ट, उठावदार. फळ पिकले की डोळ्यांच्या मधल्या रेषा उकलू लागतात. हंगाम साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर.

रामफळ फेब्रुवारीपासून पुढे येते, महाशिवरात्रीच्या आगेमागे. त्याची साल जवळजवळ सपाट असते, वर फिकट जाळीची नक्षी, रंग पिवळसर ते विटकरी, आकार हृदयासारखा. इथवर फारसे कुणी चुकत नाही.

गडबड होते ती लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ या दोघांत. एका रोपवाटिकेत ज्याला लक्ष्मणफळ म्हणतात त्यालाच दुसरीकडे हनुमानफळ म्हणतात, कुठे मामफळ. त्यामुळे ही दोन नावे ऐकली की त्यांवर विसंबू नये, झाडाकडे वळावे. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला ॲनोना म्युरिकाटा म्हणतात, त्याचे फळ मोठे, दीड-दोन किलोचेही सहज भरते, हिरवे आणि मऊ वाकड्या काट्यांनी भरलेले. पान जाड, चकचकीत, चुरगळले की उग्र वास. गर पांढरा, तंतुमय, आंबट-गोड. दुसरे ॲनोना चेरिमोला. त्याच्या सालीवर काटे नसतात; ओल्या मातीवर अंगठे दाबावेत तसे खोलगट ठसे असतात. पानाची मागची बाजू मखमली लव असलेली. हे झाड मूळचे अँडीज पर्वतातल्या थंड दऱ्यांमधले. इंदापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते चांगले फळेल, असे कुणी ठामपणे सांगितले तर दोनदा विचारावे. बहुतेक वेळा इथे ‘हनुमानफळ’ म्हणून जे मिळते ते एकतर काटेरी म्युरिकाटा असते, नाहीतर ॲटेमोया. ॲटेमोया हा सीताफळ आणि चेरिमोला यांचा संकर, पी. जे. वेस्टर यांनी तो १९०८ मध्ये अमेरिकेतल्या मायामी येथे पहिल्यांदा मुद्दाम घडवून आणला. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का सहन’ हे वाणही ॲटेमोया आणि सीताफळ यांच्या संकरातूनच आलेले.

या चौघांची सोयरीक एका खुणेने पटते ती फुलाने. खाली मान घातलेले, हिरवट-पिवळसर फूल, तीन जाड, मांसल पाकळ्या. आणि आत काळ्या-तपकिरी, गुळगुळीत, चपट्या बिया. राम, सीता, लक्ष्मण, हनुमान अशी अस्सल देशी नावे असली तरी हे सारे कुटुंब अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेले. सीताफळ ‘आपले’ आणि ड्रॅगन ‘परदेशी’ हा भेद काही शतकांचा आहे, एवढेच.

लक्ष्मणफळाबद्दल, म्हणजे काटेरी म्युरिकाटाबद्दल, एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. या फळाने, त्याच्या पानांच्या काढ्याने कर्करोग बरा होतो असे संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरत आहेत आणि त्या जोरावर फळ अवाच्या सवा भावाने विकले जाते. माणसांवरच्या चाचण्यांतून असे काही सिद्ध झालेले नाही. उलट, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा मज्जाविकार अधिक आढळल्याची नोंद १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झाली. हंगामात चार फोडी खाण्याने कुणाचे काही बिघडणार नाही, पण औषध म्हणून रोजचा काढा हा शहाणपणा नव्हे. आणि या घराण्यातल्या कुठल्याही फळाच्या बिया चावू किंवा कुटू नयेत. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावण्याची जुनी रीत आहे. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.

आता हातात आलेल्या फळाची पाहणी कशी करावी, ते पाहू. सुरी घेण्याआधी फळ उलटेसुलटे करून दोन्ही टोके पाहावीत. देठाच्या विरुद्ध टोकाला सुकलेला मुकुट असेल तर पेरू, जांभूळ, डाळिंब अशा मंडळींकडे बोट जाते. पांढरट-गुलाबी, घंटेच्या आकाराचे, पाणीदार जाम पाहून गोंधळ झाला तर हा मुकुट त्याचे जांभळाशी असलेले नाते दाखवतो. मँगोस्टीनची गंमत याहून मोठी आहे. जांभळ्या कडक सालीच्या या फळाच्या तळाशी फुलासारखी नक्षी असते. तिच्या जेवढ्या पाकळ्या, तेवढ्याच आत पांढऱ्या गराच्या फाका. फळ न कापता फाका मोजता येतात. मँगोस्टीन हा आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ, दोघेही गार्सिनिया प्रजातीतले. कोकणातल्या आजीने रातांबे फोडताना पाहिलेली साल आणि गराची मांडणी इथे पुन्हा भेटते.

मग कापावे. आडवे कापावे, उभे नव्हे. बियांची मांडणी आडव्या छेदातच नीट दिसते. पाच कोनांची चांदणी दिसली तर ते कमरख, ज्याला कोकणात कर्मळ म्हणतात. काळी, चकचकीत, लांबट बी आणि कच्च्या सालीतून पांढरा चीक आला तर चिकूचे घराणे. एगफ्रूट नावाने मिळणारे, उकडलेल्या अंड्याच्या बलकासारख्या गराचे पिवळे फळ याच घरातले. पिवळ्या रसाळ पिशवीत एकेक काळी बी गुंडाळलेली आणि फळ वेलीवरचे, तर पॅशनफ्रूट. त्याच्या वेलीला फूल आलेले पाहिले तर कृष्णकमळ ओळखणाऱ्याला कुणी काही सांगायची गरज नाही. लाल केसाळ रंबुतान सोलले की आतला पारदर्शक गर आणि एकच बी लिचीची आठवण देतात. ॲव्होकॅडो दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातला.

झाड पाहायला मिळाले तर फळापेक्षा पानाला अधिक वेळ द्यावा. पान समोरासमोर आहे की आलटूनपालटून, कडेला दाते आहेत का, मागे लव आहे का, चुरगळल्यावर वास कसा येतो, उजेडात धरले तर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात का. ठिपके आणि लिंबाचा वास एकत्र आले तर झाड लिंबूवर्गीय. फळ रंग बदलते, आकार बदलते, पाणी कमी पडले तर ओळखू येणार नाही इतके खुरटते. पान त्यामानाने खरे बोलते.

चव घेऊन ओळख पटवायची नाही, हा नियम मात्र काटेकोर पाळावा. ‘पाखरे खातात म्हणजे माणसाला चालते’ ही समजूत फार पसरलेली आणि तितकीच खोटी आहे. बिट्टी म्हणजे पिवळा कण्हेर; त्याच्या बिया माणसाचे हृदय बंद पाडू शकतात, आणि कोकीळ तेच फळ आरामात खातो. शेताच्या कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावे लागल्याच्या घटना महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. नदीकाठच्या रेताड जमिनीत छोट्या कलिंगडासारखे दिसणारे, हिरव्या पट्ट्यांचे गोल फळ सापडले तर ते बहुधा कडू वृंदावन, जहाल रेचक. घाणेरीची काळी पिकलेली फळे मुले खातात, पण हिरवी विषारी. चीक निघतो म्हणून विषारी आणि निघत नाही म्हणून सुरक्षित, हाही ठोकताळा चालत नाही. उंबर, फणस आणि चिकू यांनाही चीक आहे, एरंडाच्या बीला नाही.

कुणी काही खाल्लेच आणि उलट्या, गरगरणे, छातीत धडधड सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि उरलेले फळ, बिया, जमल्यास त्या झाडाची पानांसकट डहाळी डॉक्टरांकडे न्यावी. खाण्याजोग्या फळांतही एक सावधगिरी आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, अजिबात खाऊ नये. त्यांच्या शरीरातून त्यातले विषारी द्रव्य बाहेर पडत नाही आणि उचकी, भ्रम इथपासून मृत्यूपर्यंत परिणाम नोंदले गेले आहेत. याउलट लाल गराचे ड्रॅगन फ्रूट खाऊन दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. बिटासारखाच तो रंग असतो.

आता शोधाचा प्रश्न. कुठे आणि केव्हा?

हंगाम आणि हवामान यांची सांगड घातली तर अर्धा शोध घरबसल्या होतो. ड्रॅगन, बोर, सीताफळ, पेरू, अंजीर ही कोरड्या हवेला मानवणारी फळे, त्यामुळे ती इथल्या शेतात मिळणे स्वाभाविक. मँगोस्टीन आणि रंबुतान यांना बारमाही दमट हवा लागते. भारतात ती मुख्यतः केरळात आणि निलगिरीच्या पायथ्याशी होतात, आणि बाजारात ती साधारण मेपासून सप्टेंबरपर्यंत दिसतात. बाकीच्या वेळी दिसणारा माल बहुधा थायलंडचा. त्यामुळे डिसेंबरात कुणी ‘आमच्या इंदापूरच्या मळ्यातले मँगोस्टीन’ म्हणून विकत असेल तर हसून पुढे जावे. अशी फळे हवी असतील तर पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातला फळ विभाग गाठावा किंवा मुंबईची महात्मा फुले मंडई. मार्केट यार्डात पहाटे गेलेले बरे. गाळ्यावर नुसते फळाचे नाव विचारण्यापेक्षा ‘हा माल कुठून येतो आणि अजून किती आठवडे येईल’ असे विचारावे. आडतदाराला वनस्पतिशास्त्र येत नसेल, पण माल कुठल्या गावाहून आला हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि सोयरीक जुळवायला तेच आधी लागते. खोक्यावरचा किंवा क्रेटवरचा छापही वाचावा.

विकत घेताना आणखी एक भेद उपयोगी पडतो. काही फळे तोडल्यावर घरी पिकतात, काही नाही. सीताफळ, चेरिमोला, ॲव्होकॅडो आणि मँगोस्टीन पहिल्या गटातली. ॲव्होकॅडो तर झाडावर पिकतच नाही. घेताना देठाचा खुंट हळूच उचकटून पाहावा, खाली हिरवे दिसले तर चांगला, तपकिरी दिसले तर आतून गेलेला. ड्रॅगन फ्रूट, कमरख आणि रंबुतान दुसऱ्या गटात. तोडल्यावर त्यांची गोडी वाढत नाही. म्हणून ड्रॅगन सर्वांगाने रंगलेले घ्यावे. हिरवट असेल तर आठवडाभर ठेवूनही अळणीच निघेल. खवले पार सुकून तपकिरी झाले असतील तर माल शिळा. आतला गर पांढरा आहे की लाल, हे वरून खात्रीने सांगता येत नाही, विक्रेत्याने एक फळ कापून दाखवले तरच विश्वास ठेवावा. पिवळ्या सालीचे, महाग ड्रॅगन बहुतेक वेळा आयात केलेले असते.

झाडावर फूल पाहायचे असेल तर ड्रॅगनच्या बागेत संध्याकाळी उशिरा जावे लागते. पांढरे, वीतभराहून मोठे फूल रात्री उमलते आणि सकाळी मिटते. त्यानंतर महिन्याभरात फळ तोडणीला येते. व्हिएतनाममध्ये रात्री दिवे लावून हंगामाबाहेर फुले आणतात, आणि महाराष्ट्रातल्या काही बागायतदारांनीही हा खटाटोप सुरू केला आहे. अर्थात कुणाच्याही शेतात मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये, फळ तोडणे तर दूरच. माळरानावरची फळे पाहायला निघालेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की बारामती तालुक्यातले सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य हे चिंकाऱ्यांचे घर आहे. तिथून पान-फूल तोडून आणता येत नाही. फोटो काढावेत.

फोटोवरून झाड ओळखणारी ॲप आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. गूगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट यांनी बरीच मदत होते, पण नुसत्या फळाच्या फोटोवर ती हमखास घसरतात. एक फोटो अख्ख्या झाडाचा, एक डहाळीचा, पानाचा पुढून आणि मागून, फुलाचा, फळाचा बाहेरून, आडव्या छेदाचा आणि बीचा. फळाशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवले तर आकार कळतो. ॲपने दिलेले पहिले उत्तर हा अंदाज समजावा. त्यात सुचवलेल्या झाडाच्या पानाचे, फुलाचे वर्णन आपल्या हातातल्या नमुन्याशी ताडून पाहावे, आणि एक जरी खूण विसंगत निघाली तर नाव बाजूला ठेवावे.

तिथेही अडले तर माणसांकडे जावे. माळेगाव खुर्द परिसरातच शारदानगर येथे बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ज्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे हे केंद्र, त्याचे ‘कृषिक’ हे प्रदर्शन जानेवारीच्या सुमारास भरते, आणि तिथे नवी पिके प्रत्यक्ष शेतात उभी पाहता येतात. लागवडीच्या फळांची शंका इथे मिटते. रानातले झाड असेल तर पुण्याची वाट धरावी. कोरेगाव रस्त्यावरचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी वाळवलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. आधी चौकशी करून, वेळ ठरवून जावे. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून नेला तर पोचेपर्यंत तो कुजतो. पान-फुलांसकट वीतभर-दोन वीत डहाळी वर्तमानपत्रात सपाट दाबावी, कागद रोज बदलावेत आणि सोबत चिठ्ठी ठेवावी: गाव, तारीख, झाडाची उंची, चीक होता का, फुलाचा ताजा रंग काय होता. वाळल्यावर रंग जातो, म्हणून ही शेवटची नोंद सर्वांत कामाची.

फळ ओळखले, आवडले, की माणसाला रोप लावावेसे वाटते, आणि नेमके तिथेच फसवणूक होते. सफेद मुसळी, जट्रोफा, इमू यांची लाट या महाराष्ट्राने पाहिली आहे. रोपे आणि पिल्ले विकणारे मालामाल झाले, लावणारे हात चोळत बसले. विदेशी फळांच्या रोपांबाबत तेच घडू नये. सरकारी परवाना असलेल्या रोपवाटिकेतून किंवा विद्यापीठाच्या केंद्रातून रोप घ्यावे, मातृवृक्ष दाखवायला सांगावा. ॲव्होकॅडोचे बीपासून केलेले रोप फळावर यायला बरीच वर्षे घेते आणि फळ कसे निघेल याचीही खात्री नसते, म्हणून कलमाचा सांधा स्वतः पाहून घ्यावा. ड्रॅगनच्या बाबतीत दांड्याचा तुकडाच लावतात. त्याला लाल गराचे की पांढऱ्या गराचे फळ येणार, हे ज्या झाडावरून तो काढला त्याचे फळ कापून पाहिल्याशिवाय ठरत नाही. हनुमानफळाचे रोप म्हणून कुणी काही हातात ठेवले तर पान उलटून मागची लव बघावी. ती नसेल, पान जाड आणि चकचकीत असेल, तर रोप काटेरी लक्ष्मणफळाचे आहे. पैसे देण्याआधी पावतीवर वाणाचे नाव आणि ज्या खुंटावर कलम बांधले त्याचेही नाव लिहून घ्यावे.